धावड्याचा डिंक आणि सलईचा डिंक

आरमोरीच्या रहमानभाईंनी आमच्या घरी चुकीचा डिंक दिला, ही गोष्ट खोटी आहे. ती मी पसरवली. आमच्या नात्यागोत्यात अजूनही ती कुणी ना कुणी रंगवून सांगतो, सगळे हसतात, आणि मी पाणी प्यायला उठतो. आता वय ब्याऐंशीच्या पुढे गेलं. उठबस जमत नाही. म्हणून बसल्या जागी खरं लिहून टाकतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, बारशाला राजुऱ्याहून येणार होत्या. ही बाई लग्नात वरणातलं मीठ, मांडवाची उंची आणि माझ्या बाबांची टोपी अशा तिन्ही गोष्टींवर बोलून गेली होती. 'सुनेले माहेरी नीट खाऊ घालतात का पाहीन, मंगच संगं न्यायचं का ठेवायचं ते ठरवीन,' असा निरोप तिनं आधीच पाठवला होता. ताईला पुढे अडीच महिने माहेरी राहायचं होतं. ते सगळं आता मायच्या लाडवांवर येऊन ठेपलं होतं.

बाळंतिणीच्या घरी आमच्याकडे दोन डिंक लागतात. धावड्याचा लाडवांसाठी. तो तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो. दुसरा सलईचा. तो शेगडीत टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देतात. अत्तरवालेही तो घेतात, गुडघे दुखले तर त्याचा लेपही लावतात. पण खात नाहीत. दोघांचेही पिवळट खडे, लांबून जुळे भाऊ. जंगलातून लोक रहमानभाईंच्या अत्तर-डिंकाच्या दुकानात आणून घालत, आणि अख्ख्या गावाच्या बाळंतिणींचं सामान तिथूनच जाई.

मायनं मला पाठवलं. मी तेव्हा बाविशीचा. नागपूरला एक वर्ष सायन्सला होतो. पास झालो नाही, पण शुद्ध भाषा आणि आत्मविश्वास घेऊन परतलो होतो.

रहमानभाईंनी दोन पुड्या बांधल्या आणि म्हणाले, "देखो बाबू, ध्यान देऊन आयक. पानातला शेगडीचा, कागदातला कढईचा. उलटसुलट नको करू."

"हो, हो," मी म्हणालो. त्या वेळी मी त्यांच्या मोगऱ्याच्या अत्तराची कुपी उघडून कानामागे बोट फिरवत होतो, आणि समोरच्या आरशात परिणाम पाहत होतो. (परिणाम काही नव्हता.)

घरी मायनं पुड्या हातात घेऊन विचारलं, "यातला लाडवाचा कोणता हाय रे?"

आता 'मी ऐकलंच नाही' असं म्हणता आलं असतं. चार पावलांवर दुकान होतं, सायकल दारात उभी होती. पण सायन्सला गेलेला माणूस असं म्हणत नाही. मी दोन्ही पुड्या उघडल्या, हुंगल्या, आणि निर्णय दिला: "ज्याला छान सुगंध, तो खायचा. वास नसलेली वस्तू कोण खाईल?"

"बराबर हाय," माय म्हणाली. शिकलेल्या पोरावर तिचा तेव्हा विश्वास होता.

तिनं सलईचा डिंक तुपात सोडला. तो फुलला नाही. वितळला आणि कढईच्या बुडाला जाऊन बसला.

"फुलून नाई राह्यला बाबू."

"ताजा आहे. ओलावा गेला की फुलेल."

"अन् वास पाय. दर्ग्यात बसल्यासारखं वाटून राह्यलं मले."

"चांगल्या डिंकाला वास असतोच."

तेवढ्यात आतल्या खोलीतून चंद्राबाई, आमची सुईण, ओरडली, "माय वो, हा धूप काऊन फुटून राह्यला? फटफट करते, अन् जळक्याचा वास येऊन राह्यला." खाण्याचा डिंक निखाऱ्यावर पडला होता. बाळ खोकत होतं, ताई पदरानं वारा घालत होती.

मी दारात उभं राहून समजावलं, "त्यातली हवा बाहेर पडते आहे. आरोग्याला चांगलं असतं."

चंद्राबाईनं माझ्याकडे एकवार पाहिलं आणि शेगडी उचलून अंगणात नेली. तिच्या हातून गावातली निम्मी माणसं जन्माला आली होती, पण ती सायन्सला गेली नव्हती.

लाडू दिसायला मात्र सुरेख झाले. ताईनं एक तुकडा तोंडात घालून पाहिला, डोळे मोठे केले आणि कोपऱ्यात थुंकला. "माय, हे काय केलं वो?" असं ती विचारते आहे, तोच दारात विहीणबाई. प्रवासानं दमलेल्या आणि भुकेल्या. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी ताटातला लाडू उचलला. पाहुण्या बाईच्या हातातला लाडू हिसकावून कोण घेणार?

पहिला घास गेला. जबडा दोनदा हलला. तिसऱ्यांदा हलला नाही. तुपातली सलई थंड झाली की सरसासारखी चिकटते, हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. विहीणबाईंनी डावीकडे प्रयत्न केला, उजवीकडे केला, मग हातानं हनुवटी धरून खाली ओढली. घरात कुणीच बोलेना. त्या बोलू शकत नव्हत्या आणि आमची हिंमत नव्हती. लग्नापासून पहिल्यांदाच ती बाई आमच्या घरी पंधरा मिनिटं टीका न करता बसली. चंद्राबाईनं गरम पाण्याच्या गुळण्या करवल्या, तेव्हा जबडा सुटला. बरोबर एक दाढही आली.

"बाळंतिनीले हेच चारता का जी?" दाढ मुठीत धरून विहीणबाई म्हणाल्या. "पोरगी उद्या माह्यासंगं राजुऱ्याले चालली."

ताई रडू लागली. माय कढईकडे पाहत राहिली. बाबा शाळेत गुरुजी होते. त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "डिंक कोणी आनला?"

"रहमानभाईंनी दिला," मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नव्हतं. पण एवढ्या खऱ्या वाक्यानं एवढा खोटेपणा मी पुन्हा कधी केला नाही.

बाबा मला घेऊन तडक दुकानात गेले. बाजाराचा दिवस, दुकानासमोर गर्दी. "रहमान, तुले खायचा डिंक अन् धुराचा डिंक समजत नाई? बाळंतीन होती घरात!"

रहमानभाईंनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुरम्याच्या बाटल्या मोजत होतो. ते बराच वेळ पाहत राहिले. मी त्या बाटल्या दोनदा मोजल्या.

"गलती झाली असन गुरुजी," ते म्हणाले. "माफ करा."

त्यांनी धावड्याचा डिंक तोलला, पुडी बांधली आणि बाबांच्या हातात दिली. मी हात पुढे केला होता. मग दुकान नोकरावर सोडून ते स्वतः घरी आले, ओसरीवरून विहीणबाईंसमोर हात जोडले, सगळा दोष अंगावर घेतला. एवढा मोठा दुकानदार माफी मागतो म्हटल्यावर विहीणबाईंचा राग उतरला. ताई अडीच महिने राहिली.

रहमानभाईंचं मात्र वर्षभरात बाळंतिणीचं गिऱ्हाईक तुटलं. 'रहमानभाईचं अत्तर घ्यावं, डिंक नाई,' बायका पाणवठ्यावर म्हणत. लोक डिंकासाठी वडशाच्या बाजाराला जाऊ लागले. दुकानातली डिंकाची टोपली पुढून मागे गेली.

मी माफी मागायला किती वेळा गेलो, सांगता येत नाही. दरवेळी दुकानात गिऱ्हाईक असे. नसलं की मी कुणी येण्याची वाट पाहत असे. रिकाम्या हातानं उतरणं बरं दिसत नाही म्हणून पावशेर धूप घेऊन परत. पुढे लग्न झालं तेव्हा बायको म्हणाली, "घरात चार डबे धूप हाये. तुमी फकीर होऊन राह्यले का जी?"

मग माझीच मुलगी बाळंतपणाला आली. रहमानभाई थकले होते, गल्ल्यामागे लोडाला टेकून होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "भाई, मुलगी आली आहे. डिंक पाहिजे."

ते जरा सरळ झाले. "माह्याकडचा चालन का तुमच्या घरी?"

पंचवीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली होती, तो त्यांनीच माझ्यापुढे आणून ठेवला होता. मी वाक्य जुळवलं, तोंड उघडलं. त्यानंतर महिनाभरात ते गेले, म्हणजे मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हेच:

"चालेल. पण या वेळी जरा पाहून द्या."