भावाच्या आहेरातला गणपती

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉलनीत नळाला पाणी उशिरा आलं की बायका माझ्याच दारात येतात, कारण मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. आमचे हे म्हणतात, हिला उसाच्या वजनकाट्यावर राखणीला बसवा, वजनात मापटंभर फरक पडायचा नाही. तर अशी मी. आणि जिथं बोलायला पाहिजे होतं, नेमकी तिथंच मूग गिळून बसले. अजून बसलेलीच आहे.

आम्ही अंकुशनगरला राहतो. हे साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांचे नंबर लावतात. मागं आम्ही नवी कोरी कार घेतली. माझ्या माहेरी आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं पायी फिरलेले, त्यामुळं गाडीच्या पूजेला घनसावंगीहून आलेला माझा धाकटा भाऊ आधी गाडीला एक पूर्ण चक्कर मारून आला आणि मग त्यानं नारळ हातात घेतला. तिकडं त्याचं बॅटरी अन् वायरिंगचं छोटं दुकान आहे, आणि ते चालतं आमच्याकडं येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांवर. त्यानं आहेर आणला होता. काचेचा एवढासा गणपती, खाली पिन. गाडीत मोबाईल चार्ज करायची खाच असते, तिच्यात खोचला की आतून पिवळा उजेड पडायचा.

"दाजी, वायर ओढून पक्का बशिवतो," म्हणून त्यानं बोनेटकडं हात नेला, तर ह्यांनी मनगटच धरलं.

"मेव्हणे, हात लावायचा न्हाई. वॉरंटी हाय. बाहेरच्यानं हात लावला की गेली."

बाहेरचा म्हणजे माझा भाऊ. तो हसला, मागं सरला. जाताना मला एवढंच म्हणाला, "आक्का, गाडी बंद केली की गणपती काढून ठिवत जाय."

मी कशाला काढते. देवाचा दिवा कुणी हातानं विझवतं का? त्यात माहेरचा. गाडी आठवड्यातनं एकदा बाजाराला निघायची, बाकी दिवस कव्हरखाली. त्या कव्हरच्या आत माझ्या भावाचा उजेड आहे, एवढ्यावर मी खूश असायचे.

मग गाडी बंद पडायला लागली. बाजाराच्या दिवशी चावी फिरवावी तर नुसतं टकटक. शेजारच्या ट्रॅक्टरला वायरी जोडून ती चालू करायची आणि तशीच नव्या जालन्याला शोरूमवर न्यायची. पहिल्यांदा त्यांनी मुकाट्यानं बॅटरी बदलून दिली. थोड्या दिवसांनी परत तेच. दुसऱ्यांदा गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाले, बॅटरी ठणठणीत आहे, गाडीत काहीच दोष नाही.

"दोष न्हाई तर मंग आम्ही कशाला आलो, तुमचं तोंड बघायला?" मी काउंटरवरच्या माणसाला भर गिऱ्हाइकांत झाडलं. बिचारा पाणी प्यायला उठून गेला. येताना मी गाडीत जिंकल्यासारखी बसले होते. आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला गणपती होता. शोरूममधून कुणी उचलून नेईल म्हणून गाडी देताना मी दर वेळी तो काढून घ्यायचे, घरी आल्यावर परत खोचायचे. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो माझ्या काखेतच होता.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली, त्या दुपारी भाऊ सीताफळं घेऊन आला. हे यार्डात होते. मी कव्हर सरकवून त्याला म्हटलं, बघ रे बाबा, ही नवी गाडी. त्यानं बोनेट उघडलं नाही, हात पाठीमागं बांधून काचेतनं आत वाकून बघितलं.

"आक्का, ह्यो कायम लावलेलाच असतो?"

"मंग?"

"अगं, ह्या गाडीत चावी काढली तरी ती खाच चालूच राह्यती. रोज थोडं थोडं करून गणपतीच बॅटरी पिऊन राह्यला." तो हसायला लागला. शोरूमच्या माणसाचा चेहरा आठवला. त्याहून जास्त आठवले हे. ह्यांना कळलं तर तो गणपती उकिरड्यावर जाणार, आणि बायकोच्या माहेरच्या आहेराची गोष्ट यार्डभर होणार.

"ह्यांना सांगू नको," मी म्हटलं. "माझी शपथ हाय."

"न्हाई सांगत," तो म्हणाला. "तू फकस्त काढून ठिव."

दुसऱ्या दिवशी शोरूमवर हे भांडत होते आणि मी पर्स मांडीवर धरून खुर्चीत. काउंटरवरच्या माणसानं बॅटरीची टोकं दाखवली. त्यावर चिमट्यांचे ओरखडे होते, आम्हीच जोडलेल्या ट्रॅक्टरच्या वायरींचे, पण रागात ह्यांच्या ते ध्यानात आलं नाही. तो म्हणाला, "बाहेरच्या कुणीतरी हात लावलेला दिसून राह्यला. घरात कुणी वायरमन हाय का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "मेव्हणे, खरं सांगा. माझ्या गाडीला हात लावल्ता का?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत मी बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं.

"हां दाजी," भाऊ म्हणाला. "आल्तो तवा बघितली. चुकलंच."

वॉरंटीत बॅटरी मिळाली नाही, नवी पदरच्या पैशानं घ्यावी लागली. त्याचं काही वाटलं नाही. पण ह्यांनी यार्डात ते सगळ्यांना सांगितलं, मुद्दाम नाही, रागाच्या भरात. नंबराला उभे असलेले ट्रॅक्टरवाले ऐकतच होते. सख्ख्या दाजीच्या नव्या गाडीची ज्यानं वाट लावली, त्याच्याकडं कोण आपला ट्रॅक्टर लावणार? त्या सीझनला घनसावंगीच्या त्याच्या दुकानासमोरून ट्रॅक्टर सरळ पुढं जात होते. माझी भावजय फोनवर म्हणाली, "आक्का, ऐन सीझनात हे दिवसभर बसूनच हायेत, काय झालंय कुणास ठाऊक." मी म्हटलं, होईल बराबर.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी जगाला ऐकवत आले. आज सांगते, उद्या सांगते, जेवल्यावर सांगते असं करत दिवस गेले, आणि जितके गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. सुरुवातीला लोक हसतील याची भीती होती. आता हे विचारतील, एवढे दिवस गप का बसलीस? मला माझी लाज वाटते, दुसरं काही नाही.

गणपती मी काढून कपाटात ठेवलाय. साहजिकच, गाडी परत कधी बंद पडली नाही.

पुढल्या भाऊबीजेला भाऊ बसनं आला. चहा व्हायच्या आत हे त्याला अंगणात घेऊन गेले, मीही दारात गेले. ह्यांनी चावी फिरवली, गाडी लगेच सुरू झाली.

"बघा मेव्हणे," हे म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट माया होती, माफ केल्यासारखी. "तुम्ही हात लावायचं सोडलं, तवापासून एकदाबी बंद न्हाई पडली."

"बराबर हाय, दाजी," भाऊ म्हणाला.

मग तो पाटावर बसला. मी कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. हे मागं दारातच उभे होते. भावानं ताटात ओवाळणी टाकायला वाकता वाकता, मलाच ऐकू येईल असं विचारलं, "आक्का, काढून ठिवतीस ना?"

मी फक्त मान डोलावली.