तांबडी, अण्णा आणि एप्रिलचं ऊन

संक्रांतीनंतर सांगोल्याहून मावशी आमच्याकडे सोलापूरला आली, ती टोपलीत तीन गावरान कोंबड्या घेऊनच. आमचं घर बैठं, मागे जरासं परस आणि एक कडुलिंब... पण कोंबड्या? मी ऑफिसला जाणारी, आणि घरी अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर ट्रक चालवला. दिवाळीच्या सुमारास त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं बरंचसं सुधारलं, काठीच्या आधाराने चालताही यायला लागलं... उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा.

व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू ते हातातच घ्यायचे नाहीत. खिडकीशी खुर्ची, आणि दिवसभर गप्प. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दुपारच्या सुट्टीत मी घरी येऊन त्यांना जेवायला वाढायचे, तेव्हाही दोन शब्द बोलले तर बोलले.

कोंबड्या बघून म्हणाले, "माझंच करताना पोरीला दम लागतोय. त्यात ही ब्याद कशाला?"

मावशी म्हणाली, "दाजी, ह्यांचं काय लई करावं लागत न्हाय. दाणा, पाणी आन सावली. बघा तर खरं."

जायच्या आधी तिनं सगळं बसवून दिलं. जुन्या लाकडी कपाटाला बारीक जाळी मारली, कारण मांजर आणि मुंगूस दोन्ही आमच्याकडे येतात. ओल लागू नये म्हणून ते विटांवर ठेवलं, आत बसायला आडवी काठी, खाली लाकडाचा भुसा, आणि अंड्यांसाठी कोपऱ्यात सुकं गवत. संध्याकाळी कडी लावायची, विसरायचं नाही.

खायला ज्वारी, तांदळाची कणी, भाजीचे देठ, आणि दुकानातलं कोंबडीखाद्य. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं तर शिंपल्यांचा चुरा... हे मला नंतर कळलं.

अंडी मी सुरुवातीला नळाखाली स्वच्छ धुऊन ठेवायचे. मावशी फोनवर ओरडलीच. धुतलं की कवचावरचा पातळ थर जातो आणि अंडं लवकर खराब होतं. सुक्या फडक्यानं पुसायचं, निमुळती बाजू खाली करून ठेवायचं, जुनं आधी वापरायचं. फारच घाण असलेलं वेगळं ठेवून ऐन वेळी धुवायचं आणि लगेच शिजवायचं. आणि खुराड्यातून आलं की साबणानं हात... हे तर कधीच चुकवायचं नाही.

मार्च सरला आणि सोलापूरचं ऊन सुरू झालं. मी खुराड्यावर ओली पोती टाकायचे, सावलीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरून ठेवायचे. अंडी सकाळ-संध्याकाळ उचलायची, उन्हात राहू द्यायची नाहीत.

एप्रिलमधल्या त्या दुपारी मी घरी आले, तर खुर्ची रिकामी. मागचं दार सताड उघडं. काठी जमिनीवर पडलेली.

मी "अण्णा!" म्हणून ओरडले.

परसातून आवाज आला, "हितं हाय. वरडू नगं, ती घाबरंल."

कडुलिंबाखाली धुण्याच्या दगडावर अण्णा बसले होते. मांडीवर तांबडी कोंबडी. पाण्याचं भांडं उलटलेलं, बाजूला बाथरूममधला मग. ती चोच उघडी टाकून, पंख पसरून उन्हात पडलेली त्यांना खिडकीतून दिसली होती. पाण्याचा मग आणि काठी दोन्ही एका हातात मावेनात, म्हणून काठी टाकून भिंतीच्या आधाराने ते बाहेर आले होते.

"पडला असतात म्हणजे?" मला रडूच आलं.

"आन ती मेली असती म्हंजी?"

डाव्या हाताने ते तिच्या पायांवर, तुऱ्यावर पाणी सोडत होते. चोचीशी थेंब थेंब धरत होते. बर्फाचं पाणी आण, असं काही नाही... साधं पाणी आणि सावली, घाई न करता. आणि मग माझं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. तिला पोटाशी धरून ठेवलं होतं त्या हाताने. बोटं तिच्या पंखाभोवती वळलेली होती.

मी भांडं पुन्हा भरून ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. त्या दिवशी ऑफिसला परत गेलेच नाही. ऊन उतरायच्या सुमारास तांबडी उठली, अंग झाडलं, आणि भांड्याकडे जाऊन पाणी प्यायली. अण्णा खूप दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दाराला धरायला दांडी बसवून घेतली. पाणी, पोती, अंडी हे खातं अण्णांनी आपलंसं केलं. अंडं उजव्या हातानेच उचलायचं, हा त्यांचा हट्ट. किती फुटली विचारू नका... पण चेंडू न धरणारा माणूस रोज अंडं धरायचा प्रयत्न करत होता. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. शर्टाची बटणं अजून मीच लावते.

काल सकाळी मी चहा टाकत होते. अण्णा परसातून आले, डाव्या हातात काठी. उजवा हात माझ्यापुढे केला. तळहातावर अंडं, अजून कोमट.

"धर लवकर. हात दमलाय."

मी मावशीला फोन लावला, पण बोलताच येईना. ती घाबरली, "काय गं, कोंबडी मेली का काय?"

अण्णांची काळजी घ्यायला मी होते, डॉक्टर होते. अण्णांनीही कुणाची तरी काळजी घ्यावी, हे सुचलं फक्त मावशीला... तिचे आभार कसे मानायचे, अजून कळलेलं नाही.