बोटीचं नाव सरूबाई

भाऊजी आज सकाळी गेले, आणि एक खोटं सांभाळायची माझी ड्यूटी संपली.

भाऊजी म्हणजे रामनाथ, माझे धाकटे दीर. गावाचे नाथाभाऊ.

मालवाहू बोटीवर फिटर होते. नव्वदच्या दशकात नोकरी सोडून अवसरीला परत आले आणि आमच्या बटाट्याच्या गोडाऊनमध्ये वर्कशॉप टाकलं. मुंबईच्या भंगारातून मोडलेल्या बोटींचे पितळी भाग आणायचे. दिवे, झडपा, गोल खिडक्या. दुरुस्त करायचे, विकायचे.

समुद्रापासून इतक्या लांब, अवसरीत बसून हा धंदा. लोक सोडतात होय?

"नाथाभाऊ, समुद्र आला का मंचरपतुर?"

"निघालाय. पेठच्या घाटात अडकलाय."

मग एकदा भंगारात त्यांना त्यांच्याच जुन्या बोटीच्या होकायंत्राची टोपी सापडली. टोपी म्हणजे होकायंत्रावरचं पितळी झाकण. हंड्याएवढं, पुढे काचेची छोटी खिडकी. पितळ घासायचा कंटाळा आला की खलाशी सरळ वरून रंग मारतात. तसे वर्षानुवर्षांचे थर. खाली मिठाने धरलेला हिरवा मळ.

भाऊजींनी त्यांच्या रिटायर्ड कॅप्टनना फोन केला. ते म्हणाले, मला हवी. पण ओरखडा चालणार नाही. बोटीचं नाव तिच्यावर अगदी उथळ कोरलेलं आहे, ते जाता कामा नये. नीट जमलं तर माझ्या ओळखीच्या सगळ्यांची कामं तुझ्याकडे.

भाऊजींना आयुष्यात एवढंच हवं होतं. भंगारवाला नाही, कारागीर म्हणून कुणीतरी विचारावं.

तारेचा ब्रश नको, ॲसिड नको. मग करायचं कसं? टोपी कितीतरी दिवस पोत्यात गुंडाळून पडून राहिली.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांना कळलं की चाकणच्या एका कारखान्यात रबरी भागांचे लोखंडी साचे साफ करायला लेसर मशीन आलंय. तिथल्या इंजिनिअरला त्यांनी कसं पटवलं देव जाणे. मलाही सोबत नेलं.

"चला वहिनी. तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये नसेल दाखवलं असं."

काळे चष्मे लावून आम्ही उभे. प्रकाश रंगावरून फिरला की बारीक तडतड व्हायची, धुराची रेघ उठायची आणि तिथला रंग नाहीसा. आधी पांढरा गेला, मग करडा, मग शेंदरासारखा. धातूला कशाचा स्पर्शसुद्धा नाही. आणि मग एकेक अक्षर वर यायला लागलं.

भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो नाथाभाऊ, चष्मा! डोळे जातील!" इंजिनिअर ओरडला.

"मग बंद करा की राव जरा. बगू तर द्या."

इंजिनिअरने मशीन बंद केलं. भाऊजी नुसते बघत राहिले.

टोपी घरी आली. सासूबाईंना काही पसंत पडली नाही.

"येवढं लेजर का फेजर, आन् उजळलं तर न्हाईच."

"आये, उजळायचं नसतं. चिंच लावू नको, राख लावू नको. घासायचं नाय अजिबात."

नाव घालू नको, हे सांगायला हवं होतं. पण ते कुणाच्या डोक्यात येणार?

कॅप्टन यायच्या आदल्या दिवशी भाऊजी पुण्याला गेलेले. सासूबाई शेजारच्या जीपमधून टोपी घेऊन मंचरला गेल्या. भांड्याच्या दुकानातल्या शेठनी विचारलं म्हणे, "आजी, हंडा उलटा का?" आणि मशीनने नाव घालून दिलं. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर असतं तेच, सासूबाईंचं.

सरूबाई गेनू. खाली, अवसरी बु.

बिननावाचं भांडं लग्नाकार्यात गेलं की परत येत नाही. हे तर मुंबईला चाललेलं. शिवाय लेकाचं काम. कुठल्या घरचं ते लोकांना कळायला नको?

कॅप्टन आले. बोटीच्या नावावरून बोट फिरवलं, हसले. मग टोपी फिरवली आणि त्यांचा अंगठा मागच्या बाजूला थांबला.

ते इंग्रजीत बोलले. अगदी हळू. "नाथ, तू हिची वाट लावलीस. मी ही नेऊ शकत नाही."

सासूबाई चहा घेऊन दारात.

"काय म्हणत्यात सायेब?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजी येणारी मी. पण माझ्या आधी भाऊजी बोलले.

"आये, बोटीवर नाव आसतं आन् खाली बंदर आसतं. सायेब म्हणत्यात, हिचं नाव सरूबाई, बंदर अवसरी. मग ही आपल्याच बंदरात ऱ्हाऊ द्या."

"आगं बया," म्हणत सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

कॅप्टननी चहा घेतला, त्यांना नमस्कार केला आणि गेले. नंतर त्यांचा फोन नाही, त्यांच्या ओळखीचं कुणी नाही.

काही महिन्यांनी भाऊजींनी बोटींचं काम सोडून पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं काम सुरू केलं. ते बरं चाललं.

मी एकदा विचारलं, "राग नाही आला?"

"आला की. गोडाऊनात जाऊन लई शिव्या घातल्या."

"कुणाला?"

"भंगारातल्या पंपाला."

सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, मुंबईच्या कप्तानाने बोटीला माझं नाव दिलंय. लोक मला विचारायचे, वहिनी, खरं का हो? मी म्हणायचे, हो. मी तिथेच होते.

त्या जाऊनही काही वर्षं झाली. तरी भाऊजींनी कुणाला सांगू दिलं नाही.

आज ओट्यावर बसलेली माणसं म्हणत होती, नाथाभाऊंचा बोटींचा नाद आपोआप सुटला.

आपोआप नाही सुटला. एवढंच नोंदवायचं होतं.

भाऊजी, तुम्ही केलेलं भाषांतर इतकी वर्षं मी दुरुस्त केलं नाही. आज केलं. रागावू नका.

तुम्हाला अखेरचा नमस्कार.
तुमची वहिनी.