टेस्ट मोडमधला अंतरा

तो रेकॉर्डर मी वार्ताहर असताना घेतला होता. तळहातात मावणारा, छोट्या डिस्कवर ध्वनिमुद्रण करणारा. पुढे मोबाइल आला आणि रेकॉर्डर कपाटात गेला. गेल्या जानेवारीत तो बाहेर काढला, कारण एका डिस्कवर ताईचं गाणं होतं.

गाणं हळदीकुंकवाचं. चाल आमच्या आत्याने बांधलेली, घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. आत्या आता नाही. ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिचा आवाज वर जात नाही. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी घरी हळदीकुंकू होतं आणि यंदा गाणं तिच्या सुनेने म्हणायचं ठरलं होतं. सून गुजराती, गळा चांगला. ताई तिला अंतरा खालच्या पट्टीत शिकवायची आणि स्वतःच दर वेळी थोडा वेगळा म्हणायची. नक्की चाल ऐकवायची तर ती डिस्क वाजायला हवी होती. दुसरी प्रत नव्हती.

डिस्क आत घातली. ती फिरली, थांबली आणि स्क्रीनवर 'डिस्क नाही' असं आलं.

माझ्याजवळ त्या रेकॉर्डरच्या सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स होती. त्यात टेस्ट मोडची चार पानं होती. एक बटण दाबून धरायचं आणि बाकीची ठरलेल्या क्रमाने दाबायची, की यंत्र दुरुस्ती करणाऱ्यासाठी राखलेला भाग उघडतं. तिथे बटणं, स्क्रीन, मोटर, लेझर असं एकेक वेगळं तपासता येतं. मी क्रम दाबला. स्क्रीनवरच्या सगळ्या रेघा एकदम उजळल्या आणि मग एक आकडा आला. बटणं तपासली, ठीक होती. स्क्रीन ठीक होती. काम मला आवडलं. प्रश्न विचारला की उत्तर हो किंवा नाही. 'सूत्रांनी सांगितलं' हा प्रकार नाही.

यादीत पुढे 'रीसेट' होतं. न्यूजरूममध्ये संगणक अडकला की आम्ही तो बंद करून पुन्हा चालू करत असू. रीसेट म्हणजे तेवढंच, असं धरून मी बटण दाबलं. त्यानंतर डिस्क फिरेनाशीच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि मी बडोद्यातल्या मांडवीच्या मागच्या गल्लीत, रेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. रस्त्यात पतंगाच्या दोऱ्याला रंग लावायचं काम चालू होतं. ताईने वाटेत खंडेराव मार्केटमधून पापडी आणि रताळी घेतली होती. पिशवी मांडीवर ठेवून ती दुकानातल्या स्टुलावर बसली. दुरुस्तीवाले भाई साठीचे. त्यांनी टेस्ट मोड उघडला, दोन-तीन आकडे पाहिले आणि चष्मा वर केला.

"बेन, आ कोणे कर्युं?"

"माझ्या भावाने," ताईने लगेच सांगितलं.

"छापावाळा?"

"हो, पेपरातलाच. रिटायर झालाय, म्हणून वेळ आहे."

भाई हसले. मग बडोद्यातल्या दुकानदारांना येतं तेवढ्या मराठीत मला म्हणाले, "साहेब, फॅक्टरीने या लेझरला जे आकडे शिकवले होते, ते तुम्ही बधुं भूंसी नाख्युं, पुसून टाकले. आता याला काय काय वाचायचं तेच माहीत नाही."

"परत शिकवता येईल का?" ताईने विचारलं. "शुक्रवारच्या आत?"

"बघू ने."

त्यांनी शाळकरी वही काढली. कशालाही हात लावण्याआधी टेस्ट मोडमधला प्रत्येक आकडा त्यांनी वहीत गुजराती अंकांत उतरवला. चुकीचे आकडे कशाला लिहायचे, असं मी विचारलं.

"चुकीचे आहेत ते मला आज माहीत आहे. उद्या कोण सांगणार?"

अर्धं पान भरल्यावर त्यांनी स्क्रू काढले. भिंगातून पाहिलं तर लेझरच्या बाजूला भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या लेझरला किती करंट द्यायचा, तो आकडा तिच्यावर छापलेला होता. तो त्यांनी टेस्ट मोडमध्ये भरला. लेझरच्या भिंगावरची धूळ पुसली. मूळ दुखणं बहुधा तेवढंच होतं. मग यंत्राला आपलं आपण जुळवून घ्यायची आज्ञा दिली. ताई आमची डिस्क पुढे करू लागली.

"ना बेन, तुमची छेल्ले, आधी ही," म्हणून त्यांनी दुकानातली एक जुनी डिस्क घातली. पहिल्यांदा यंत्राने नकार दिला. दुसऱ्यांदाही. भाईंनी एक आकडा बदलला, तो वहीत लिहिला. तिसऱ्यांदा जमलं.

आमची डिस्क टेस्ट मोडमध्येच वाजली. बाहेर पडल्यावर यंत्र ती ओळखेल याची खात्री नाही, असं सांगून भाईंनी वायर कॉम्प्युटरला जोडली आणि प्रत घ्यायला सुरुवात केली. स्क्रीनवर गाण्याचं नाव नव्हतं, वाचताना होणाऱ्या चुकांचा आकडा होता. भाई तो आकडा बघत होते. ताई ऐकत होती.

अंतरा आला. दुसऱ्या ओळीत आवाज वर गेला, तिथे टाळीभर थांबला आणि मग उतरला. ताईने मान वर केली. तो तुकडा तिने पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. नंतर पर्समधून फोन काढून सुनेला लावला. फोनचा स्पीकर चालू होता.

"काल तुला तीनदा टोकलं ना? दुसऱ्या ओळीत थांबू नकोस, गरबा वाटतो म्हणून?"

"हो आई, सॉरी. आज नीट करते."

"नीट करू नकोस. तिथे थांबायचंच आहे. मीच थांबलेय, ऐक." तिने फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ धरला. भाईंनी ती ओळ पुन्हा लावली.

"आत्याने सगळा जन्म बडोद्यात काढला," ताई आधी माझ्याकडे बघून म्हणाली आणि मग फोनमध्ये. "चालीत गरबा येणारच. तू म्हणत होतीस तसंच म्हण."

"म्हणजे मी बरोबर होते?"

"होतीस. पण हे शुक्रवारी सगळ्यांना सांगायची गरज नाही."

"आई," सून म्हणाली, "सगळ्यांना सांगणार."