पत्र्यापलीकडची टकटक

इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण लिहायची हिंमत कधी झाली नाही. एक तर मला नीट लिहिता येईल असं वाटत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे माझा अशा गोष्टींवर विश्वासच नव्हता. आमचं बौद्ध घर. नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. लहानपणी काहीही भीतीदायक सांगायला गेलं की पप्पा एकच विचारायचे, "पुरावा काय?" त्यामुळे हे लिहितानाही थोडं अवघडल्यासारखं होतंय... चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पिंपरीत ऑपरेशन थिएटर आणि भूल यांच्या तंत्राचा डिग्री कोर्स करते, तिसऱ्या वर्षाला आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कारण नातेवाइकांना ते पटत नाही.

माझी मावसबहीण सुजाताताई कुरुळीला राहते. हायवेपासून आत गेलं की एका मालकाच्या भाड्याच्या खोल्यांची लांब रांग आहे. दोन खोल्यांच्या मध्ये वीट नाही, नुसता पत्रा. दाजी महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, ताई दुसऱ्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर. दोघांच्या शिफ्ट फिरत्या. त्यांना एकच मुलगी, स्वरा, पहिलीत आहे.

शिफ्टवाल्यांच्या वस्तीत झोप ही मोठी अवघड गोष्ट. तुम्ही रात्रपाळी करून आडवे व्हायला आणि शेजारी कुकरची शिट्टी व्हायला एकच गाठ पडते. म्हणून दाजी कंपनीतले केशरी इअरप्लग घरी आणतात आणि दोघंही ते कानात घालूनच झोपतात. मग अलार्म ऐकू येत नाही. त्यावर त्या रांगेत एक पद्धत आहे. पत्र्याला डोकं लावून झोपायचं, आणि शिफ्टची वेळ झाली की शेजाऱ्याने पलीकडून दोनदा ठोकायचं. पत्रा थरथरतो, ते डोक्याला कळतं. आपणही दोनदा ठोकून जवाब द्यायचा, की उठलो. जवाब आल्याशिवाय शेजारी थांबत नाही.

ताईचे शेजारी म्हणजे इस्माईल चाचा, वेल्डर. त्यांचा ठोका कधी चुकला नाही म्हणतात. स्वराला त्यांनीच खेळवलं. मागच्या वर्षी त्यांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा त्यांची मुलगी येऊन त्यांना उदगीरकडे घेऊन गेली. खोली रिकामी झाली.

आता मूळ गोष्ट. स्वराचे टॉन्सिल सारखे सुजायचे, म्हणून ऑपरेशन ठरलं होतं. छोटं हॉस्पिटल, सकाळी दाखल आणि संध्याकाळी घरी. त्याआधीच्या रविवारी मी कुरुळीला गेले. माझी पोस्टिंग तेव्हा भुलीच्या आधीच्या तपासणीच्या ओपीडीत होती, आणि नवीन शिकलेलं माणूस जरा जास्तच उत्साही असतं.

"ताई, स्वरा घोरते का गं?"

"नाही बाई. शांत झोपते."

"श्वास अडकल्यासारखा होतो का मधेच?"

दाजी हसले. "झालं! डॉक्टरीणबाई आल्या. ओ मॅडम, फी किती तुमची?"

"दाजी, खरंच विचारतेय. भूल द्यायच्या आधी हे माहीत असावं लागतं."

"अगं, त्या डॉक्टरांनीपण विचारलं होतं," ताई म्हणाली. "मी नाही म्हणून सांगितलं."

मग मी स्वरालाच विचारलं, "तुला झोपेत जाग येते का गं?"

"येते ना. चाचा उठवतात."

"कोण चाचा?"

"भिंतीतले," ती म्हणाली आणि चित्र रंगवत बसली.

ताईने कपाळाला हात लावला. "चाचा जाऊन वर्ष होत आलं, तरी हिचं हेच चाललंय."

दुपारी जेवणं झाली. दाजींची रात्रपाळी होती. ते प्लग घालून झोपले, ताईपण लवंडली. स्वरा पत्र्याला डोकं लावून झोपली. मी तिच्याशेजारी बसून राहिले.

आधी ती घोरायला लागली. लहान मुलाची बारीक सूं-सूं नव्हे, मोठ्या माणसासारखं घोरणं. मान मागे ताणलेली, तोंड उघडं. ताई खोटं बोलत नव्हती... त्या घरात ते ऐकायला कुणाचे कान मोकळेच नव्हते. मी मोबाइलवर शूट करायला लागले, आणि घोरणं एकदम थांबलं. छाती हलत होती, फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती, पण नाकापाशी बोट धरलं तर हवाच नाही. पुस्तकात वाचलेलं होतं मी हे. तिला हलवणार, तेवढ्यात—

टक टक.

पत्रा थरथरला. स्वरा दचकली, मोठ्ठा श्वास ओढला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली.

मला वाटलं, पलीकडे नवीन कुणी आलं असेल. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. श्वास थांबला, आणि टक टक. मी बाहेर जाऊन बघितलं. शेजारच्या खोलीला कुलूप. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर मालकाने सिमेंटच्या गोण्या भरल्या होत्या, त्या मधल्या पत्र्याला चिकटून वरपर्यंत रचलेल्या. तिथे उंदीर उभा राहायला जागा नव्हती, माणूस सोडाच.

तुम्ही म्हणाल, ऊन लागलं की पत्रा वाजतो. वाजतो, मला माहीत आहे, मी पत्र्याच्याच घरात वाढले. पण तो कडकड करतो आणि मनाला येईल तेव्हा करतो. कुणाचा श्वास थांबायची वाट बघत नाही. पोरीचा पाय लागत असेल म्हणून मी तिचे दोन्ही पाय मांडीवर धरून बसले. तरी टक टक झालीच.

मी ताईला उठवलं आणि तिच्या कानातले प्लग स्वतः काढले. तिने पहिल्यांदा आपल्या मुलीचं घोरणं ऐकलं. मग ते थांबलेलं ऐकलं. टकटक झाली, स्वराने श्वास घेतला... आणि ताई पत्र्याला हात लावून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना दाखवला. त्यांनी तो पुन्हा लावून बघितला.

"मागे दार कोण वाजवतंय?"

"शेजारचे," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मॅडमनी ताई-दाजींना आमच्या हॉस्पिटलात बोलावून घेतलं. झोपेत ऑक्सिजन किती खाली जातो ते एक रात्र बोटाला प्रोब लावून मोजलं. बराच खाली जात होता. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ऑपरेशन करायचंच, त्यानेच ही बरी होईल. पण इथे करू, मुलांचा आयसीयू आहे तिथे. भुलीत घसा सैल पडतो आणि अशा मुलांना दुखण्याचं नेहमीचं औषधही जड जाऊ शकतं. त्याच संध्याकाळी घरी नेलं असतं, आणि रात्री गाढ झोपेत..."

पुढचं ताई बोलली. "आम्ही तर प्लग घालून झोपलो असतो."

दाजींनी खिशातून ती केशरी डबी काढली आणि तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

ऑपरेशनच्या आधी ताई म्हणाली, चाचांना कळवू या. फोन त्यांच्या मुलीने, ताहेराबाजींनी उचलला. ताईने स्पीकर लावला.

"अब्बांना काय कळतंय आता," त्या म्हणाल्या. "मलाबी कधी कधी वळखीत न्हाईत. दिवस न्हाई रात न्हाई, नुसती भिंत ठोकायलेत. बोटं सुजलीत बघा. का ठोकता विचारलं तर म्हणतेत, पोरगी उठेना. आता कोणती पोरगी? मला तर दोन्ही पोरंच हायेत."

दाजी फोनजवळ वाकून म्हणाले, "बाजी, चाचांना सांगा, पोरीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर लोक आहेत सोबत."

"सांगते. त्यांच्या डोक्यात किती शिरतंय, देव जाणे."

ऑपरेशनच्या सकाळी मी स्वराच्या ट्रॉलीबरोबर थिएटरच्या दारापर्यंत गेले. तिने माझं बोट धरून विचारलं, "मावशी, आत पत्रा आहे का?"

"पत्रा नाही, पण मशीन आहे. श्वास कमी झाला की ते लगेच वाजतं."

"चाचांसारखं?"

"हो. चाचांसारखं."

तिने बोट सोडलं.

सगळं नीट पार पडलं. ती रात्र तिने आयसीयूत काढली, मशीन एक-दोनदा वाजलं, सिस्टरनी तिची मान सरळ केली. बस.

काही आठवड्यांनी मी पुन्हा कुरुळीला गेले. तशीच दुपार होती. स्वरा त्याच जागी झोपली होती, तोंड मिटलेलं, श्वास इतका हलका की मी वाकून बघितला. मी वाट बघत बसले. पत्रा एकदाही वाजला नाही. आणि मग मला काय वाटलं कुणास ठाऊक... इतके दिवस तो माणूस ठोकत होता आणि आपल्याकडून कुणी जवाबच दिला नव्हता. मी बोटाने पत्र्यावर हळूच दोनदा ठोकलं.

ताई दारात भाजी निवडत होती. तिने पाहिलं आणि परत भाजी निवडायला लागली.

आता ओपीडीत मी मुलांच्या आईवडिलांना 'मूल घोरतं का' एवढंच विचारून थांबत नाही. मुलाशेजारी कोण झोपतं, आणि त्यांच्या कानात काही असतं का, हेही विचारते. काही जण हसतात. हसू देत.

पप्पांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. ते पुरावा मागतील, आणि मी काय देणार? व्हिडिओतली टकटक? त्यावर ते पत्रा तापला म्हणतील, आणि कदाचित त्यांचं बरोबरही असेल. मला स्पष्टीकरण माहीत नाही. शोधायची एक संधी होती, तीही मी सोडली. मी पत्र्यावर ठोकलं त्या दुपारनंतर दोन दिवसांनी ताहेराबाजींनी ताईकडून नंबर घेऊन मला फोन केला होता, स्वराची चौकशी करायला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, अब्बांनी परवापासून भिंत ठोकायचं सोडलंय. जेवतेत, झोपतेत निवांत. का थांबलात विचारलं तर म्हणाले, "उठली. जवाब आला."

परवा म्हणजे किती वाजता, हे मी विचारलं नाही.