फुल तिकीट

औसा–लातूर बसमध्ये ते आठवड्यातून तीनदा माझ्या शेजारी बसायचे, डायलिसिसला निघालेले. मुक्त बाजाराचा राज्यभर प्रचार करणारी संस्था त्यांनी उभं आयुष्य चालवली होती. नांदेडला आमच्या कॉलेजात झालेलं त्यांचं भाषण मला अजून आठवत होतं.

पांढरे केस बघून कंडक्टर म्हणायचा, "काका, तुमाला हाफ हाय की."

ते भाषणातल्यासारखं बोट वर करायचे. "फुलच द्या. सवलतीनं माणूस लाचार होतो."

सगळी बस हसायची. मीही हसायचो.

मग आजारानं त्यांना घर विकायला लावलं. एके सकाळी कंडक्टरनं न विचारताच फुल तिकीट काढायला घेतलं. त्यांनी बोट वर केलं.

"हाफ," खिडकीबाहेर बघत ते पुटपुटले.

तेव्हापासून मी मागच्या सीटवर बसतो. तिथं त्यांचा आवाज पोचत नाही.