जागचा दगड

बाबांना गॅसची ज्योत दिसेनाशी झाली, तेव्हा आमचं बडबडं घर पहिल्यांदा गप्प झालं. तुळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा करायचं काम बाबांचं. त्या दिवशी ते शेगडीसमोर उभे राहून लायटर पुन्हा पुन्हा दाबत होते आणि ज्योत केव्हाच पेटलेली होती. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेकडेचं थोडं दिसेल, समोरचं नाही, आणि उरलंय तेही किती टिकेल सांगता येत नाही. घरी आल्यावर आई देवासमोर जाऊन बसली. बाबा म्हणाले, "नशीब बघा. जन्मभर जो गॅस काढला तोच दिसेना." आईने त्यांना देवासमोरूनच झापलं.

बाबा समुद्रातल्या रिगवर कामाला होते. समुद्राच्या तळाखाली विहीर खणत न्यायची, चुनखडकाच्या थरांमध्ये वायू आहे का बघायचं आणि सगळ्यात खाली काळा खडक लागला की थांबायचं, असं ते काम. तो काळा खडक म्हणजे आपला नेहमीचा बसाल्ट, ज्याची खडी रस्त्यावर पडते. त्याच्यात काही मिळेल असं त्या वेळी फारसं कुणाला वाटत नसे. तो लागला की विहीर संपली. मग बाबांचा फोन यायचा आणि ते दोनच शब्द बोलायचे, "खडक लागला." आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होता, बाबा घरी येणार. आई लगेच सुरमई आणायला बाहेर पडायची आणि मी पसारा आवरल्याचं नाटक करायचे.

पुढे मी भूशास्त्र शिकले आणि त्याच काळ्या खडकाच्या मागे लागले. बाबांचं काम जिथे संपायचं तिथे माझं सुरू झालं, ही गंमत आम्हाला दोघांनाही पुरून उरली. आता त्या खडकातल्या भेगांमध्येही वायू साठू शकतो हे माहीत झालंय. पण समुद्राखालच्या खडकातल्या भेगा बघणार कशा? तिथे विहीर खणणं म्हणजे फणसात सुई खुपसून आत गरे किती ते सांगणं. म्हणून आम्ही जमिनीवर येतो. हाच खडक वसईच्या पूर्वेला, कामणपासून चांदीपपर्यंतच्या डोंगरांमध्ये उघडा पडलेला आहे. भेगा कुठल्या दिशेने जातात, किती जवळजवळ आहेत, मोकळ्या आहेत की पांढऱ्या खनिजाने बुजल्यात, थर कुठे आणि किती झुकलेत, हे सगळं मी डोंगरावर फिरून मोजते आणि नकाशावर उतरवते. त्या नकाशावरून खालच्या भेगांचा अंदाज बांधतात आणि पुढची विहीर कुठे घ्यायची ते ठरवताना तो अंदाज जमेस धरतात.

बाबांच्या मते हे काम नव्हेच. "दिवसभर डोंगरात हिंडायचं, दगडांना हात लावायचा आणि वर पगार घ्यायचा," असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत. पण डोळ्यांचं कळल्यानंतर काही दिवसांनी चहा पिताना ते अचानक म्हणाले, "मला तो खडक दाखव."

"कुठला?"

"आपला. मी त्याचा नुसता चुरा बघितलाय. खालून वर यायचा, चाळणीवर धुतला की मोहरीएवढे काळे तुकडे. अख्खा खडक त्याच्या जागेवर कसा असतो ते कधी बघितलंच नाही. आता थोडंफार दिसतंय तोवर ने."

मी लगेच हो म्हटलं. आई मात्र स्वयंपाकघरातून कडाडली, "डोंगरबिंगर काही चढायचा नाही! खालचाच एखादा दाखव आणि परत आण." मग ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना कुठे कळणारे?" मला ते पटलं नाही, पण बाबांचे गुडघे मलाही ठाऊक होते.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही चांदीपकडे निघालो. भातं केव्हाच कापून झाली होती आणि शेतांमध्ये नुसते खुंट होते. टेकडीच्या पूर्वेच्या अंगाला मी गाडी थांबवली. रस्त्यापासून थोड्याच अंतरावर रिक्षाएवढा एक दगड अर्धा मातीत रुतून बसलेला आहे. वरून सपाट, छान झुकलेला, फोटो काढावा असा. बाबांना धरून मी तिथवर नेलं. त्यांनी दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि मान एका बाजूला वळवली, कारण त्यांना आता कडेनेच दिसायचं.

"हाच?" त्यांनी विचारलं.

आता गोष्ट अशी आहे, की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो तो दगड जागचा आहे की घरंगळलेला. जागचा दगड खालच्या सगळ्या थरांशी जोडलेला असतो, त्याचा शब्द खरा धरायचा. वरून गडगडत आलेला दगड कसाही पडतो. त्याचा उतार मोजून नकाशावर मांडला की सगळा डोंगर खोटा पडतो. शिकाऊ पोरं इथेच फसतात. हा दगड घरंगळलेला होता. आईचे शब्द माझ्या कानात होते. मी म्हटलं, "याच खडकाचा आहे."

बाबांचा चेहरा असा उजळला, की मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं. ते दगड चाचपत राहिले. त्याच्यावरची बारीक भोकं बोटांनी शोधून म्हणाले, "लाव्हा थंड होताना आत अडकलेली हवा. तूच सांगितलेलंस." मग म्हणाले, "पाणी दे."

ती युक्तीही त्यांनी माझ्याकडूनच ऐकलेली. थराचा उतार कुठे आहे ते होकायंत्र काढण्याआधी बघायचं असेल, तर आम्ही सपाटीवर थोडं पाणी ओततो. ते वाहील तो उतार. मी बाटली दिली. थोडं ओता म्हणेपर्यंत त्यांनी ती पुरती रिकामी केली. पाणी दगडावरून सरसरत आलं आणि त्यांच्या पॅन्टवर सांडलं. बाबा तसेच उभे राहिले. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू मावळला आणि तिथे त्यांच्यातला रिगवरचा साहेब आला.

"ऊन माझ्या तोंडावर आहे का पाठीवर?"

"तोंडावर."

"सकाळची वेळ. म्हणजे माझं तोंड पूर्वेला. आणि पाणी पुढे जायचं सोडून..." ते थांबले, त्यांनी पाय उचलून दोन्हीकडे चाचपलं. "नाही, मी दगडाच्या खालच्या अंगाला उभा आहे आणि तोंड दगडाकडे आहे. पाणी माझ्याकडे, पश्चिमेला आलं."

"आलं ना, मग?" मी आशेने म्हटलं.

"मग तू एरवीसारखं पुढचं का सांगत नाहीस?" त्यांनी दगडाच्या कडेने हात खाली मातीत घातला. आत थोडं खरवडलं, बोटं दगडाच्या पोटाखाली गेली. "याला खालून टेकू नाही. हा वरून पडलाय. उतार नशिबाने बरोबर समुद्राकडे आलाय, एवढंच. बाई, मला डोळ्यांनी दिसत नाही, पण मला पडलेला दगड नको. जागचा दाखव."

मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. आईला मनातल्या मनात हात जोडले आणि आम्ही चढायला लागलो.

गुरांची वाट वळसे घेत वर जाते, तरी आमची दमछाक झाली. बाबा मध्येच थांबत, मला शिव्या घालत आणि पुन्हा निघत. माथ्यावर पोचलो तेव्हा सरपणाची मोळी बाजूला ठेवून एक बाई बसली होती. तिने आम्हाला आपादमस्तक बघितलं. मी पाणी मागितलं तर तिने आपली बाटली लगेच पुढे केली. "घ्या ना, पानी हाय. आजोबा दमलं वाटतं."

"प्यायला नको," बाबा धापा टाकत म्हणाले, "दगडावर ओतायचंय."

बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "दगडाला कशाला पानी पाजता?" पण बाटली तिने परत मागितली नाही. उलट बघायला जवळ आली.

माथ्यावर थराची अख्खी पाठ उघडी पडलेली आहे. मी तिथे किती वेळा गेलेय, तरी दर वेळी पाय टाकताना माझा आवाज आपोआप खाली येतो. बाबांना मी तिच्यावर बसवलं, सूर्याकडे पाठ करून. मग समोर काय आहे ते सांगत गेले. हा थर इथून झुकतो तो चांदीपच्या शेतांखाली जातो. मग विरारच्या टॉवरांखाली, रुळांखाली, वाड्यांमधल्या केळींखाली, चर्च आणि देवळांखाली, मिठागरांखाली. किनाऱ्याशी आपल्याला वाटतं जमीन संपली, पण हा संपत नाही. याच्याबरोबरचे थर तसेच खाली खाली जातात, त्यांच्यावर समुद्राचा गाळ साचतो, चुनखडक साचतो, त्यात वायू साठतो. कोट्यवधी वर्षं हा अख्खा किनारा असा वाकत गेलाय. मला हे पाठ आहे, मी हे मीटिंगमध्ये नकाशावर बोट ठेवून सांगते. त्या दिवशी ते सांगताना माझ्या अंगावर काटा आला, कारण पहिल्यांदाच मला त्या उताराचं दुसरं टोक माहीत असलेला माणूस शेजारी बसला होता.

बाबांनी थराच्या कडेला हात घालून बघितला. खाली फट नव्हती, नुसता खडकच खडक. मग त्यांनी बाटली तिरकी केली, या वेळी बेताने. पाणी त्यांच्यापासून दूर निघालं. एका भेगेत थोडं मुरलं, भेग भरल्यावर पुढे गेलं. बाबांनी ओल्या रेषेवर बोटं ठेवली आणि ती जाईल तिथवर हात नेत राहिले. हात पुरेना तसे ते पुढे वाकले, शेवटी पालथे आडवे झाले. बाईने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

पाठीवर ऊन, गाल खडकावर, हात समुद्राच्या दिशेला. बराच वेळ ते तसेच पडून होते.

मग तिथूनच, रिगवरून फोनवर बोलायचे त्या आवाजात, ते म्हणाले, "खडक लागला. आईला फोन कर. म्हणावं, घरी येतोय."